रेघ मारलेला पत्रा

माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाने चष्मा लावून चित्राचा खालचा कोपरा निरखला आणि मला विचारलं, "पंधरापैकी तीनच? एवढं काय वाईट नाय हां हे."

गिऱ्हाईक म्हणजे खोताच्या वाडीतले परेरा अंकल. गिरगावातल्या एका शाळेत मुलांना गाणं शिकवून निवृत्त झालेले. माझ्या चित्राखाली पेन्सिलीने ३/१५ असं लिहिलं होतं. परीक्षकांनी मला मार्क दिलेत आणि तेही असे हात आखडून, असं त्यांना वाटलं. नापास झालेल्या मुलीला धीर द्यावा म्हणून त्यांनी ते चित्र विकत घेतलं. त्याचा अर्थ पंधरा प्रतींपैकी तिसरी प्रत, असं मी समजावून सांगितल्यावर ते जरा हिरमुसले. दया दाखवायची संधी हुकली ना!

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंना माझा 'कलाप्रवास' हवा आहे. प्रवास कसला डोंबलाचा? लालबागहून निघाले आणि परळला पोहोचले. चित्रं काढली, छापली, काही विकली गेली, बरीच पलंगाखाली आहेत. अलीकडे मला 'गिरणगावची चित्रकार' म्हणून कार्यक्रमांना बोलावतात, शाल देतात. दर वेळी शाल खांद्यावर पडली की मला एका माणसाचा चेहरा आठवतो आणि पुढचा चहा तसाच राहतो. तेव्हा मी त्या एका चेहऱ्याबद्दलच लिहिणार आहे. बाकीच्या गोष्टी बायोडेटात आहेत.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी चित्रकार आहे तशीच प्रिंटमेकरही आहे. हा शब्द ऐकून लोक माझ्याकडे लग्नपत्रिका छापायला घेऊन आले आहेत. आमची आई नातेवाइकांना सरळ सांगायची, "ती छापखान्यात आसा." तेही अगदीच चूक नाही. जस्ताचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्याच्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा आणि सुईने त्या मेणात चित्र काढायचं. सुई फिरते तिथलं मेण निघतं, खालचा पत्रा उघडा पडतो. मग पत्रा ॲसिडात ठेवला की उघडा भाग खाल्ला जातो आणि रेघा खोल होतात. मेण काढून पत्र्यावर शाई चोळायची, मलमलीने पुसायची. वरची शाई जाते, रेघांतली राहते. वर ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसच्या रुळाखालून पत्रा काढायचा. कागदावर चित्र येतं ते उलटं, आरशातल्यासारखं. डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर जातो.

आणि एक रिवाज आहे. पंधरा प्रती काढायच्या ठरल्या तर पंधराच. काम संपलं की पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुईने एक रेघ मारायची. पत्रा रद्द. पुढे कुणी लबाडीने त्यावरून छापलंच तर कागदावर ती रेघ उमटणार आणि गिऱ्हाईक फसणार नाही. आमच्या धंद्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट म्हणून मी हे पोरापोरींना शिकवत आले. ते शिकवताना माझा आवाज खाली जातो, असं एका विद्यार्थिनीने मला सांगितलं होतं. मी तिला पंख्याच्या आवाजाचं कारण दिलं.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आर्ट कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. बाबा साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. आईबाबा घरात मालवणी बोलत, मी आणि धाकटा भाऊ मुंबईचं. संपाचे पहिले दिवस सुट्टीसारखे गेले. बाबा दिवसाउजेडी घरात दिसायचे याचीच आम्हाला गंमत वाटे. मी लिनोलियमच्या तुकड्यांवर मुठी आणि भोंगे कोरून संपाची पोस्टरं छापायची. चाळीच्या गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्यांवर ती वाळत घातलेली असत आणि येणाराजाणारा खाली वाकून त्यांच्यामधून जाई. चाळीचे सेक्रेटरी दळवीकाका पाहुण्यांना मुद्दाम वर आणून दाखवायचे, "ही आमची आर्टिस्ट." मी लाजल्याचं नाटक करायची. खरं तर मला ते फार आवडायचं.

महिने गेले. दोऱ्यांवर पोस्टरांऐवजी नुसतेच कपडे वाळू लागले. लोक गुपचूप दुसरी कामं शोधायला लागले. दळवीकाकांचा मोठा मुलगा, तोही आमच्याच गिरणीतला, गोदीत ओझी वाहायला जाऊ लागला. एका संध्याकाळी तो खांद्यावर फडकं टाकून जिना चढत होता आणि बाबा गॅलरीत उभे होते. बाबांचा स्वभाव तसा गरीब. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "साच्यावरचो माणूस तू. हमाली करूक लाज नाय वाटली तुका? गेटावर बसान मरूया, पण ओझी व्हावची नाय."

मुलगा खांद्यावरचं फडकं काढून आत गेला. दळवीकाका दारातच होते. तेही मागोमाग आत गेले आणि दार लोटून घेतलं. आमच्या चाळीत दिवसा दार लोटून घेणं म्हणजे केवढी गोष्ट, हे चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबांनी घरात जाहीर केलं, "रे रोडाक लाकडांच्या वखारीत काम गावला. लिवणावळीचा." वखारीत आलेला-गेलेला माल लिहायचा, सावलीत बसून. दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून निघू लागले. चाळीत सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी म्हणालंदेखील, की त्यांचं अक्षर पहिल्यापासून छानच होतं. मलाही बरं वाटलं आणि मी माझ्या कामाला लागले.

आता माझं काम. लाकूड कोरूनही ठसे करतात आणि त्याला चांगल्या लाकडाचे तुकडे लागतात. आमचे कॉलेजचे सर म्हणाले, रे रोडच्या वखारींत कापून उरलेले तुकडे मिळतात, जाऊन बघ. मला वाटलं, बरंच झालं, बाबा तिथेच आहेत, ओळखीने चांगले तुकडे मिळतील. त्यांना आधी सांगितलं नाही. अचानक जाऊन उभी राहीन आणि ते वखारवाल्याला सांगतील, ही माझी मुलगी, आर्टिस्ट आहे, असं चित्र मी मनात रंगवलं होतं.

तिसऱ्या-चौथ्या वखारीत मला ते दिसले. शर्ट खुंटीला टांगलेला, अंगात बनियन, डोक्यावर कापडाची चुंबळ. फळ्यांची एक खेप टाकून ते सागाच्या ओंडक्याला टेकून बसले होते. डोकं मागे टेकवलेलं, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. चेहऱ्यावर लाकडाचा बारीक भुसा बसला होता आणि घामाने त्याच्यात ओघळ पडले होते. झोपले नव्हते. दम खात होते.

मला पुढे व्हायला हवं होतं. "बाबा" म्हणायला हवं होतं. नाहीतर निदान पाय न वाजवता मागे फिरायला तरी हवं होतं. मी यातलं काहीच केलं नाही. मी एका फळ्यांच्या चळतीमागे बसले, पिशवीतून वही काढली आणि त्यांना काढायला लागले.

का, ते आजवर मला नीट सांगता आलेलं नाही. चेहरा तसा होता म्हणून, एवढंच. कॉलेजात आमच्यासमोर मॉडेल बसायचं, त्यांच्या चेहऱ्यावर आपल्याला कुणी बघतंय हे दिसायचं. हा चेहरा कुणासाठीच नव्हता. माझा हात असा कधी चालला नव्हता आणि नंतरही चालला नाही. मला आनंद होत होता, हे मी लपवणार नाही. बाप दमून बसला होता आणि चळतीमागे मला आनंद होत होता. मुकादमाने हाक मारली, बाबांनी डोळे उघडले, चुंबळ सारखी केली आणि उठले. मी वही मिटली आणि मागच्या बाजूने निघून आले. लाकूड घ्यायचं राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून घरी आले. आईने विचारलं, आज काम जास्त होतं काय? "नाय गो, लिवान लिवान बोटां दुखली," म्हणाले आणि बोटं मोडून दाखवली. मी ताटावर बसले होते. मी वर पाहिलं नाही.

त्या स्केचवरून मी पत्रा केला. सर बघतच राहिले. मी स्वतःला समजावलं, की नाव लिहिलेलं नाही, फक्त 'वखारीत' असं म्हटलंय, आणि फोर्टातल्या गॅलरीत आमच्या चाळीतलं कोण जाणार आहे? पंधरा प्रती ठरवल्या. त्यातल्या सात काढून झाल्या तेवढ्यात प्रदर्शन लागलं. तिथे चित्राला बक्षीस मिळालं आणि काही दिवसांत सातही प्रती विकल्या गेल्या. तिसरी परेरा अंकलनी घेतली, ती हकिगत वर आलीच आहे.

फोर्टात चाळ गेली नाही हे खरं, पण वर्तमानपत्र चाळीत येत होतं. एका सकाळी मराठी पेपरात माझा फोटो आला. बक्षिसाची ढाल हातात धरून मी हसते आहे, शेजारी भिंतीवर चित्र, आणि चित्रात चुंबळ घातलेले बाबा, चाळीतल्या लहान पोरानेही ओळखावे असे. खाली मथळा: गिरणगावच्या कन्येचा गौरव.

मी पेपर घेऊन आमच्या मोरीत जाऊन बसले. किती वेळ, माहीत नाही. बाबा तोवर कामावर गेले होते. बाहेर चाळ नेहमीसारखीच बोलत होती, नळावर नेहमीसारखंच भांडण चाललं होतं. कुणी माझं अभिनंदन करायला आलं नाही. एरवी मला शाळेत चित्रकलेचं साधं प्रशस्तिपत्रक मिळालं तरी अख्खा मजला दारात असायचा.

शेवटी पाण्याला जायचंच होतं म्हणून खाली उतरले. जिन्याजवळ चाळीचा सूचनाफलक होता. दळवीकाकांच्या ताब्यातला. त्यावर पेपरातलं कात्रण लावलेलं होतं आणि वर खडूने 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं होतं. पण कात्रण अरुंद दिसत होतं. जवळ जाऊन पाहिलं, तर त्यांनी ते उभं दुमडून मगच टाचण्या मारल्या होत्या. माझा फोटो वर होता आणि चित्र घडीच्या मागे गेलं होतं.

ज्यांच्या मुलाला माझ्या बापाने चारचौघांत लाज काढून गप्प केलं होतं, त्यांनी ती घडी घातली होती. फलकासमोर उभं राहून मला रडू आलं नाही. बादली तिथेच ठेवून मी वर पळाले. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मला फक्त लाजता येत होतं.

बाबा संध्याकाळी आले. फलक त्यांनी पाहिलाच असणार. घडीही पाहिली असणार आणि मागे काय आहे तेही. वखारीतही पेपर येत असेल. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला. आईने काही विचारलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तिने मला सांगितलं की तिला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. "लिवणावळ करणाऱ्याच्या बनियनीत भुसो खयसून येता? धुणारी मीच मा?" तिने तो भुसा रोज नळावर झटकला होता आणि घरात रोज त्यांच्या बोटांची चौकशी केली होती.

चहा झाल्यावर बाबा मला म्हणाले, "बाय, माका तां चित्र दाखव."

माझ्याजवळ एक जादा प्रत होती. तशी एक आम्ही स्वतःसाठी ठेवतो. ती काढून मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातात न घेता पाहिली. मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला, तिळावर.

"आरशात दिसता तसाच तोंड इला हा," ते म्हणाले. "बरा इला हा."

मी म्हटलं, "बाबा, मी तुम्हाला विचारायला..."

"थंय इल्लंस, तर हाक कित्याक नाय मारलंस?"

वखारीत आले होते तर हाक का मारली नाही, हे त्यांना हवं होतं. मी प्रतीचा कोपरा चुरगाळत राहिले, मग त्यांनीच विषय बदलला. विचारलं, "ह्येचे आणखी किती निघतले?"

आठ बाकी होत्या. गॅलरीवाल्यांनी त्या मागितल्याही होत्या. मी म्हटलं, "एकही नाही. आता पत्रा रद्दच करते. तुमच्यासमोर करते." आणि त्यागाचा असा काही झटका मला आला, की हातातली ती प्रत मी तिथल्या तिथे फाडली. वहीतलं मूळ स्केचही फाडलं. बाबा "अगो, अगो" करत राहिले. मला वाटत होतं मी प्रायश्चित्त घेते आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कॉलेजात घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घालून ते टेबलाशी उभे राहिले. मी पत्रा समोर ठेवला, रिवाज सांगितला, आणि सुई त्यांच्या हातात दिली. "बाबा, तुम्हीच मारा रेघ." मला ते फार सुंदर वाटलं होतं. ज्याचा चेहरा, त्याच्याच हाताने.

त्यांनी सुई घेतली. पत्र्यावर वाकले. पत्र्यावर चित्र सुलटं असतं, म्हणजे लोकांना बाबा जसे दिसत तसेच तिथे होते. बराच वेळ बघून त्यांनी सुई परत माझ्याकडे दिली.

"माझ्याच हातान माझ्या तोंडार? नको गो बाय. तुज्या धंद्याचो नियम, तूच मार."

तेव्हा तरी थांबायचं. पण सर बघत होते, दोन वर्गमित्र बघत होते, आणि मला माझा पश्चात्ताप सगळ्यांना दाखवायचा होता. मी सुई नीट धरली आणि अंगातला सगळा जोर लावून रेघ ओढली. वरच्या कोपऱ्यातून निघून कपाळावरून, डाव्या डोळ्याच्या कडेने, गालावरून खाली. जस्तावर खोल सुई गेली की दात शिवशिवतील असा आवाज येतो. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मान जराशी मागे घेतली होती, न्हाव्याकडे वस्तरा लागल्यावर घेतात तशी.

मग सरांनी रिवाजाप्रमाणे चहा मागवला. बाबांनी तो सगळा प्यायला आणि सरांचे आभार मानले.

घरी आम्ही त्याबद्दल पुन्हा बोललो नाही. त्या आठवड्यात मात्र बाबा दळवीकाकांकडे गेले, त्यांच्या मुलाला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "माझा चुकला." एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून ते बनियनवरच, खांद्यावर चुंबळ टाकून घरून निघू लागले. लोक म्हणतील, बघा, चित्रामुळे माणूस मोकळा झाला. एका समीक्षकाने हे ऐकून मला तसं म्हटलंही होतं. मी त्याला विचारलं, तुमचे कपडे तुमच्या मुलीने चारचौघांत उतरवले तर तुम्हीही मोकळे व्हाल का? त्याने पुन्हा माझ्यावर लिहिलं नाही.

गिरणी काही उघडली नाही. काही वर्षांनी मालकांनी हिशेब मिटवल्याच्या कागदांवर सह्या करून घेतल्या तेव्हा बाबांचा गिरणीचा पास जमा झाला, त्यावरच्या फोटोसकट. पुढच्याच उन्हाळ्यात बाबा गेले. छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलच्या दारातच गेले.

तेराव्यानंतर आईने भिंतीला लावायला फोटो मागितला, आणि आमच्या लक्षात आलं की फोटोच नाही. लग्नातला एक होता, तो गावच्या घरात गळतीच्या पाण्यात पुसून गेला होता. पासावरचा गिरणीत गेला. पेपरातलं कात्रण शोधून काढलं, तर त्यात बाबा म्हणजे नुसते ठिपके. आई मला म्हणाली, "तू काढ."

चित्रकार मुलगी असल्यावर अडचण काय? मी बसले. आठवणीतून काढले, एकदा, दोनदा, दहादा. दर वेळी कुणीतरी प्रेमळ, शांत गृहस्थ तयार व्हायचे. एक आईला दाखवलं. तिने लांब धरून, जवळ धरून बघितलं आणि परत दिलं. "हे तुज्या मनातले. माका आमच्या घरातले व्हये."

मग मी खोताच्या वाडीत गेले. बाकीच्या सहा प्रती कुठल्या कुठे गेल्या होत्या, पण परेरा अंकलचं घर मला माहीत होतं. ठरवून गेले होते, की पाया पडेन, दुसरी दोन चित्रं देईन, पण ती प्रत घेऊन येईन. अंकल वारले होते. आंटीने मला लाकडी जिन्यावरून वर नेलं. जेवणाच्या खोलीत भिंतीवर बाबा होते. ओंडक्याला टेकलेले, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ओरखडा नाही. त्यांच्यासमोर छोट्या फळीवर मेणबत्ती जळत होती.

"हा आमचा सेंट जोजफ," आंटी म्हणाली. "सुतार होता ना तो, येशूचा बाप. काम करून बसलाय बघ कसा. अंकल रोज याला गुड मॉर्निंग बोलायचा. तो गेला तेव्हापासून मी कँडल लावते."

मी तिने दिलेला केक खाल्ला. हा माझा बाप आहे, हे तिला सांगितलं नाही. चित्र मागितलंही नाही. मेणबत्ती लावलेल्या भिंतीवरून काय काढून आणायचं? निघताना पुन्हा एकदा बघून घेतलं, आणि इथेही मी त्यांना हाक न मारताच निघाले, असं मनात आलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती आधी हसली. "देव केल्यानी तेंका? रोज शिवी देवन उठायचे, तेंका?" मग पदर डोळ्याला लावला. "लावांदे तिका मेणबत्ती. थंय तरी उजेड आसा तेंका." जरा वेळाने म्हणाली, "तुज्याकडे तो पत्रो आसा मा? तेच्यावरसून काढ."

"आई, त्याच्यावर रेघ आहे. तोंडावरून."

"आसांदे."

रेघ घासून बुजवता येते का, हा विचार मी केला नाही असं नाही. थोडंफार येतं. पण ती इतकी खोल होती, की तिच्याबरोबर डोळा आणि गालही गेला असता. आणि रद्द पत्रा पुन्हा चालू करणं ही आमच्या धंद्यात लबाडी. बापाच्या तोंडावर रेघ मारताना पाळलेला नियम त्याच्यासाठी मोडायलाही मला जमलं नाही. मी पत्रा गरम केला, शाई चोळली, पुसली. खोल रेघ शाई जास्त पिते. कागद उचलला तेव्हा सगळ्या चित्रात तीच सर्वात काळी होती.

आईने ते चित्र फ्रेम करून घेतलं आणि दारासमोरच्या भिंतीवर लावलं. हार घातला. मला वाटलं होतं, हार ती अशा बेताने घालेल की रेघ झाकली जाईल. तसं तिने केलं नाही.

वर्षश्राद्धाला दळवीकाका आले. खूप थकले होते, मुलाचा हात धरून आले. ज्याला बाबांनी बोल लावला होता, तोच मुलगा. आईने त्यांना खुर्ची दिली. ते चित्रासमोर बसले आणि बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या चित्राचा विषय कधी काढला नव्हता. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"वहिनी," ते म्हणाले, "ही रेघ कसली?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. हाराचं एक फूल सारखं करत म्हणाली, "वखारीत फळी लागली हुती तेंका. तेची खूण."

काका बाबांबरोबर त्याच मजल्यावर जन्मभर राहिले होते. त्या गालावर तिळाखेरीज काही नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग सावकाश मान हलवली.

"हां, हां. आठवतं मला. टाके पडले होते." आणि मुलाकडे वळून, "तूच नेलं होतंस ना रे त्यांना डॉक्टरकडे?"

मुलगा चित्राकडे वळला. "मीच नेलं होतं," म्हणाला. "रक्त खूप गेलं. पण काका एक शब्द बोलले नाहीत."

मी ट्रे खाली ठेवला आणि साखर आणायचं निमित्त करून आत गेले.

तेव्हापासून आमच्या घरात तीच हकिगत चालू आहे. आई गेली, पण पाहुण्यांना भाऊ ती सांगतो, आता तर त्याला ती खरीच वाटते. चित्र त्याच्याकडे परळला आहे. मागच्या दिवाळीत मी तिथे गेले तेव्हा त्याची मुलगी फ्रेम पुसत होती. काचेवरून कापड फिरवता फिरवता तिने बोटाने ती रेघ वरून खालपर्यंत नेली आणि मला विचारलं, "आत्या, आजोबांना खूप दुखलं असेल ना गं?"

मी म्हटलं, "हो."

"तू होतीस तेव्हा?"

"होते," मी म्हटलं. "मी तिथेच होते."